शब्द, मिनिट आणि अनुदान : साक्षरतेच्या मोजणीचा इतिहास

लोकशिक्षणाच्या कार्यास सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळू लागले की त्याबरोबरच एक प्रश्न उपस्थित होतो : दिलेल्या पैशाचे फलित काय? शाळागृह बांधले गेले की नाही हे पाहता येते, हजेरीपटावरील नावे मोजता येतात, शिक्षकाच्या वेतनाची पावती तपासता येते. परंतु शिकणाऱ्यास काय आले, हे असे बाहेरून दिसत नाही. ते दिसावे म्हणून एखादे परिमाण निश्चित करावे लागते, आणि एकदा त्या परिमाणावर अनुदान अवलंबून राहिले म्हणजे ते केवळ परिमाण राहत नाही. काय शिकवावयाचे हेच ते ठरवू लागते. शिक्षणाच्या इतिहासकारांनी या गोष्टीची चर्चा पुष्कळ केली आहे. तथापि ही परिमाणे बहुतांशी भाषिक असतात, अक्षर, शब्द, उतारा, श्रुतलेखन यांच्या संख्येने ती बांधलेली असतात, या अंगाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘वाचता येणे’ या साध्या क्रियापदाचा अर्थ सरकारी खात्यांनी वेळोवेळी कसा ठरविला आणि त्या अर्थाचा भार कोणावर पडला, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

या प्रकरणाचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. १८३३ साली पार्लमेंटने शाळागृहांच्या बांधणीसाठी २०,००० पौंडांची पहिली रक्कम मंजूर केली. पुढील तीस वर्षांत हा खर्च आठ लाख पौंडांच्या वर गेला आणि खजिन्यावर लक्ष ठेवणाऱ्यांना चिंता वाटू लागली. १८५८ मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. शाळांतील पुष्कळ मुलांना साधे वाचन, लेखन व गणितही नीट येत नाही, असा त्याचा एक निष्कर्ष होता. त्या वेळी शिक्षणखात्याचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी १८६२ च्या सुधारित संहितेने यावर जो उपाय योजला, तो ‘परीक्षाफलानुसार अनुदान’ या नावाने प्रसिद्ध आहे. ही पद्धती एक तर कार्यक्षम ठरेल, नाही तर निदान स्वस्त तरी पडेल, अशा आशयाची ग्वाही त्यांनी पार्लमेंटला दिली होती. दुसरी गोष्ट तर ताबडतोब खरी ठरली : १८६५ पर्यंत अनुदानाची एकूण रक्कम साडेसहा लाख पौंडांच्या आत आली.

संहितेतील हिशेब मोठा नेटका होता. सरासरी हजेरीप्रमाणे दरडोई ४ शिलिंग मिळत. याखेरीज जे मूल वर्षात २०० हून अधिक वेळा सकाळच्या वा दुपारच्या सत्रास उपस्थित राहिले असेल, त्याच्यामागे ८ शिलिंग. परंतु वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात ते नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. म्हणजे वाचनाची किंमत आठ शिलिंगांचा बरोबर तिसरा हिस्सा झाली. निरीक्षकाने शाळेत यावे, एकेका मुलास उभे करून वाचावयास लावावे आणि तक्त्यात खूण करावी, अशी ही व्यवस्था होती.

वाचनाच्या सहा इयत्ता कशा आखल्या होत्या, हे भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पहिल्या इयत्तेस एकावयवी शब्दांची गोष्ट; दुसरीस त्यापुढचा सोपा पाठ; तिसरीस शाळेतील वाचनपुस्तकातला एक लहान परिच्छेद; चौथीस त्याहून प्रगत पुस्तकातला; पाचवीस कवितेच्या काही ओळी; आणि सहावीस वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद. शब्द आखूड तो सोपा, ही यामागील धारणा. प्रत्यक्षात इंग्रजीच्या बाबतीतही ती टिकत नाही. ‘थॉट’ हा शब्द उच्चारास एकावयवी, पण त्याच्या लेखनात सात अक्षरे. ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दात आठ. उच्चाराचे अवयव आणि लिपीची कठिणता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संहिता तयार करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे, किंवा आले असले तरी मोजणीच्या सोयीपुढे त्याची पर्वा वाटली नसावी.

याचा परिणाम वर्गात काय झाला, याचे उत्तम साक्षीदार म्हणजे मॅथ्यू अर्नल्ड. हा कवी व समीक्षक १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे शाळांचा निरीक्षक होता आणि १८६२ मध्येच त्याने या संहितेविरुद्ध जाहीरपणे लिहिले. त्याच्या पुढील अहवालांतून वारंवार दिसते ते असे की, वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतले जाई, आणि निरीक्षकापुढे मूल जे ‘वाची’ ते पुष्कळदा पाठांतरच असे. पुस्तक उलटे धरूनही अस्खलित म्हणणाऱ्या मुलांच्या हकीकती त्या काळच्या शिक्षकवर्गात प्रचलित होत्या. येथे फसवणूक कोण कोणाची करीत होते, हे सांगणे कठीण आहे. शिक्षकाचे वेतन त्या खुणेवर अवलंबून होते. निरीक्षकाजवळ दर मुलामागे काही मिनिटेच असत. आणि मूल जे सांगितले तेच करीत होते. १८९० च्या संहितेने ही पद्धती पुष्कळ सैल केली व १८९७ पर्यंत ती संपुष्टात आली. त्यानंतरही तिचे संस्कार शिक्षकांच्या हाडीमासी किती खिळले होते, याची तक्रार माजी मुख्य निरीक्षक एडमंड होम्स यांनी १९११ मध्ये पुस्तकरूपाने केली.

मुंबई इलाख्यात ही पद्धती येण्यास वेळ लागला नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व हिंदुस्थानात मान्य केले होते, पण त्याची रीत प्रांतोप्रांती निराळी झाली. मद्रासने शिक्षकांच्या वेतनास साहाय्य देण्यावर भर दिला. उत्तरेकडे ठरावीक मुदतीसाठी ठोक रक्कम देण्याची चाल पडली. मुंबईने मात्र परीक्षाफलाचे तत्त्व अंगीकारले. १८८२ च्या हंटर आयोगाने या तिन्हींची छाननी केली. महाविद्यालयांना परीक्षाफलाचे तत्त्व लावू नये, असे त्याने म्हटले, परंतु देशी प्राथमिक शाळांना मात्र ते योग्य ठरविले. उच्च विद्येस जे मापन अपमानास्पद, ते पंतोजीच्या शाळेस हितावह, असा याचा अर्थ होतो. आयोगाने तो तसा उच्चारला नाही एवढेच. १९०४ च्या कर्झनच्या शिक्षणविषयक ठरावाने प्राथमिक शाळांपुरतेही हे तत्त्व सोडून देण्यात आले.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. सरकारी शिक्षणाचा पैसा रयतेकडून येतो आणि त्याचा लाभ वरिष्ठ वर्गांस होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप सर्वश्रुत आहे. तथापि प्राथमिक शिक्षणात काय असावे याची जी यादी त्यांनी दिली, तिच्याकडेही प्रस्तुत संदर्भात पाहावयास हवे. मोडी व बाळबोध अशा दोन्ही लिप्यांचे वाचन व लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य. मोडीस येथे जे स्थान आहे ते अर्थपूर्ण होय. छापील क्रमिक पुस्तक बाळबोधीत असे, पण खतपत्र, पावती, कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. कुणब्याच्या मुलाने बाळबोध धडा खडखडीत वाचून निरीक्षकाची खूण मिळविली, तरी सावकाराने पुढे केलेला कागद त्याला बंदच राहणार. शाळेबाहेर काय वाचावे लागते, येथून ही यादी निघालेली दिसते. निरीक्षकाला काय ऐकता येईल, येथून नव्हे.

शिरगणतीनेही एक व्याख्या पुरविली. १८८१ व १८९१ च्या खानेसुमारीत शिकत असलेले, साक्षर व निरक्षर असे तीन वर्ग होते. १९११ मध्ये मित्रास पत्र लिहिता येणे व त्याचे उत्तर वाचता येणे, अशी साक्षरतेची कसोटी ठरली. ही कसोटी शिरगणतीदाराने घ्यावयाची नसून घरच्या माणसाने ‘येते’ म्हणावयाचे होते, ही गोष्ट खरी. तरी व्याख्या म्हणून ती चांगली होती, कारण तीत पत्र पाठविणारा एक माणूस आणि उत्तर देणारा दुसरा माणूस गृहीत होता. पुढील निकषांतून ही दोन माणसे हळूहळू नाहीशी झाली.

स्वातंत्र्योत्तर काळातील एका प्रयोगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली व पुढे महाराष्ट्रभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम हिने मोजणीचा घटकच बदलला. येथे एकेक व्यक्ती उत्तीर्ण होत नसे; सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. एक निरक्षर मागे राहिला तर गावाचा समारंभ अडे, त्यामुळे जो शिकण्यास कठीण त्याच्याकडेच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे लक्ष जाई. युनेस्कोने १९७२ मध्ये या कार्याचा पारितोषिकाने गौरव केला. समारंभानंतर वाचावयास काही हाती न राहिल्यामुळे अनेकांचे अक्षरज्ञान पुसले गेले, हा या मोहिमेवरील आक्षेप रास्तच आहे. पण तो मोजणीच्या घटकावरचा आक्षेप नाही.

त्याच दशकात साक्षरतेची सांगड उत्पादक श्रमाशी घालण्याची कल्पना पुढे आली. १९६५ च्या तेहरान परिषदेनंतर युनेस्कोने १९६७ ते १९७३ या काळात ११ देशांत प्रायोगिक जागतिक साक्षरता कार्यक्रम चालविला. भारत त्यांपैकी एक होता. शेतकऱ्यास नव्या बियाण्याच्या व खताच्या माहितीतून अक्षर शिकवावे आणि उत्पादनावर काय परिणाम झाला तेही मोजावे, असा हा मोठा आशावादी बेत. सुमारे १० लक्ष लोक त्यात दाखल झाले. साक्षर ठरले ते सुमारे सव्वा लक्ष. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले या कार्यक्रमाचे परीक्षण आपल्याच कार्यक्रमाविषयी पुष्कळ स्पष्टवक्तेपणाने लिहिलेले आहे, आणि सरकारी मूल्यमापनात हा गुण दुर्मिळ असल्याने त्याची नोंद घ्यावी.

श्रमिकशिक्षणाची मोजणी अनुदानाशी पक्की जोडली गेली ती अमेरिकेत, आणि लोच्या संहितेचा इतिहास तेथे जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा घडला. १९८२ च्या कामगार प्रशिक्षण कायद्यान्वये स्थानिक संस्थांना केंद्रीय निधी मिळे. प्रशिक्षण संपताच किती जणांना काम मिळाले, किती वेतनावर मिळाले आणि दर नोकरीमागे खर्च किती आला, हे आकडे चांगले असणाऱ्यांस निधीच्या ६ टक्के राखीव भागातून बक्षिसी देता येई. औपचारिक नोंदणी झालेल्याच माणसाचा हिशेब होत असल्यामुळे, काम लागण्याची शाश्वती होईपर्यंत नोंदणीच लांबविण्याचा मार्ग काही संस्थांनी शोधला. ज्याला शिकविण्याची फारशी गरज नाही तोच उमेदवार संस्थेस अधिक किफायतशीर, असे हे गणित होते. ‘साय काढून घेणे’ अशा अर्थाची संज्ञा त्यासाठी तेथे रूढ झाली. पुढे या कायद्याखालील कामाची १६ ठिकाणी सुमारे २०,००० अर्जदारांवर यादृच्छिक निवडीने पाहणी झाली. जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आधारे दाखविले की, प्रशिक्षण संपताना टिपलेले आकडे आणि त्या माणसाच्या पुढील काही वर्षांच्या कमाईत प्रशिक्षणामुळे पडलेला खरा फरक, यांचा संबंध अत्यंत क्षीण होता, काही ठिकाणी उलटाही होता. इंग्लंडमध्ये पाठांतर हे वाचन म्हणून मोजले गेले. येथे मुळातच लागणारी नोकरी ही प्रशिक्षणाचे फळ म्हणून मोजली गेली.

भारतातील राष्ट्रीय साक्षरता अभियान ५ मे १९८८ रोजी सुरू झाले. १५ ते ३५ वयाचे ८ कोटी लोक १९९५ पर्यंत साक्षर करावयाचे, हा संकल्प होता. ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळातील एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर घोषित झाला आणि जिल्हावार मोहिमांची लाट देशभर पसरली. सामान्यतः केंद्राने दोन हिस्से व राज्याने एक हिस्सा खर्च सोसावयाचा, आणि तो जिल्हा साक्षरता समितीकडून व्हावयाचा, अशी रचना होती. या अभियानाने साक्षरतेची जी व्याख्या केली ती पूर्वीच्या सर्व व्याख्यांहून तपशीलवार आहे. साधा उतारा मिनिटास ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचणे. मनातल्या मनात ३५ शब्द या गतीने वाचणे. मिनिटास ७ शब्द पाहून लिहिणे. ५ शब्द श्रुतलेखनाने लिहिणे. १ ते १०० अंक व साधे हिशेब. याशिवाय फलक व सूचना समजून घेणे, लहान पत्र वा अर्ज स्वतः लिहिणे, अशाही अपेक्षा होत्या. पण त्यांना आकडा जोडलेला नव्हता. १९९२ मध्ये रवींद्र दवे समितीने मूल्यमापनाची जी रीत ठरविली, तीत एकूण ७० टक्के व वाचन, लेखन, गणित या प्रत्येकात निदान ५० टक्के गुण मिळविणारा तो साक्षर मानला गेला.

हे निकष सद्‌हेतूने व पुष्कळ विचाराने केलेले होते, याविषयी शंका नाही. नुसती सही करणाऱ्यास साक्षर म्हणण्याच्या प्रथेपेक्षा ते कितीतरी पुढचे होत. परंतु त्यांचा घटक ‘शब्द’ हा आहे, आणि शब्द ही सर्व भाषांत सारखी भरणारी वस्तू नव्हे. हिंदीत परसर्ग नामापासून तोडून लिहितात. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहितात. ‘शहर के बाजार के पास’ हे हिंदीत पाच शब्द आणि दहा अक्षरे. ‘शहरातल्या बाजाराजवळ’ हे मराठीत दोनच शब्द, आणि अक्षरे अकरा. एका उदाहरणावरून प्रमाण बांधणे अशास्त्रीय होईल. सलग उताऱ्यात तफावत याहून बरीच कमी भरेल. तरी तिची दिशा हीच राहील, आणि मल्याळमसारख्या भाषेत, जेथे संधीने व प्रत्ययांनी शब्द आणखी लांबतो, तेथे ती वाढेल. देवनागरी वाचताना नवसाक्षराचा डोळा एकेका अक्षरावर थांबतो. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते पण मागून उच्चारावयाची असते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असतो पण आधी उच्चारावा लागतो. त्याचे श्रम अक्षरागणिक होतात, शब्दागणिक नव्हेत. तीस शब्दांचा एकच आकडा सर्व भाषांना लावणे म्हणजे मणाचे माप गावोगावी वेगळे असताना मणावर एकच भाव बांधण्यासारखे होय.

श्रुतलेखनाची गोष्ट याहून नाजूक आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने ठरविलेल्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या अंती येणारा इकार व उकार दीर्घ लिहावयाचा. ‘पूर’ दीर्घ, पण ‘पुराचा’ ऱ्हस्व. हे भेद बोलण्यात बहुधा कानाला जाणवत नाहीत. चाळीस वर्षांच्या बाईने ‘पुर’ असे लिहिले तर तिने ऐकले तेच लिहिले. चूक झाली ती नियमाची, साक्षरतेची नव्हे.

आता मोठ्याने वाचण्याकडे वळावे. वऱ्हाडात ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारण्याची प्रवृत्ती आहे. पाटीवर ‘डोळा’ असे लिहिलेले पाहून एखादी स्त्री ‘डोया’ असे वाचते. प्रमाणभाषेचा अभिमानी परीक्षक तेथे फुली मारील. वास्तविक तिने छापील शब्द ओळखला, त्याचा अर्थ मनात आणला आणि आपल्या बोलीतला शब्द तोंडाने उच्चारला. नुसत्या अक्षराला अक्षर जोडून वाचणाऱ्याच्या तोंडून ‘डोया’ येणेच शक्य नाही. वाचनातील अशा ‘चुका’ हा आकलनाचा पुरावा असतो, हे अमेरिकन अभ्यासक केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकातच मांडले होते. याच्या उलट गडचिरोलीतील गोंडीभाषक किंवा मेळघाटातील कोरकूभाषक प्रौढाचा विचार करावा. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी कोणतीच सजातीय नाही. पुस्तिका मराठी. अशा माणसाने बाराखडी व जोडाक्षरे घोटून मराठी उतारा तीस शब्दांच्या गतीने म्हणून दाखविला, तर अर्थ न कळताही निकष पुरा होतो. पहिलीला वाचता येते आणि ती नापास. दुसऱ्याला वाचता येत नाही आणि तो उत्तीर्ण. अर्नल्डपुढे उभे राहिलेले मूल आणि हा प्रौढ यांत शंभर वर्षांहून अधिक अंतर असले, तरी स्थिती एकच.

लक्षावधी लोकांची घड्याळ लावून तोंडी परीक्षा घेणे शक्य नसल्यामुळे व्यवहारात भर पुस्तिकांतील लेखी कसोट्यांवरच राहिला. तीन पुस्तिका व त्यांतील नऊ कसोट्या पूर्ण करणारा उत्तीर्ण, आणि उत्तीर्णांचे प्रमाण पुरेसे झाले की जिल्ह्याची घोषणा. घोषणेची तारीख आधी ठरून कसोट्या मागाहून उरकल्या जाण्याचा धोका या रचनेतच होता. १९९४ मध्ये अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने मोहिमांचा आढावा घेतला, तेव्हा साक्षरोत्तर कार्याकडे झालेले दुर्लक्ष व त्यामुळे पुन्हा निरक्षर होण्याचा संभव यांवर बोट ठेवणे त्यास भाग पडले. साक्षरोत्तर कार्यास घोषणेसारखा ठळक क्षण नव्हता.

एकविसाव्या शतकात कौशल्यशिक्षणाच्या योजनांनी हप्त्यांची रीत स्वीकारली. २०१५ च्या समान निकषांनुसार प्रशिक्षणसंस्थेस ३० टक्के रक्कम वर्ग सुरू होताना, ५० टक्के उमेदवार प्रमाणित झाल्यावर आणि २० टक्के फलितानंतर, म्हणजे मुख्यतः काम मिळाल्यावर, द्यावयाची होती. आठ शिलिंगांचे तीन भाग करणाऱ्या संहितेशी या विभागणीचे नाते उघड आहे. यात निम्मा भार प्रमाणपत्रावर आहे.

२०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी १५० गुणांची चाचणी ठेवण्यात आली : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. तिन्ही भाग कागदावर सोडवावयाचे. यामुळे घड्याळ गेले, शब्दांची गती गेली, आणि ‘डोया’वर फुली मारणारा परीक्षकही गेला, हा लाभच म्हणावा लागेल. मात्र वाचनाचे उत्तरही आता लेखणीनेच द्यावयाचे आहे. एस.टी.च्या पाटीवरील गावाचे नाव, शिधापत्रिकेवरील आकडा आणि औषधाच्या बाटलीवरील सूचना जी आजी सावकाश पण बिनचूक वाचते, आणि जिची बोटे खुरप्याने आखडल्यामुळे पेन्सिलीवर ठरत नाहीत, तिला वाचनाच्या पन्नासांपैकी किती गुण मिळावेत, याचा निर्णय केंद्रावरील शिक्षकालाच घ्यावा लागतो.